पीटीझेड कॅमेऱ्याचे वायरिंग आणि वीजपुरवठा

डावीकडे-उजवीकडे फिरणारा, मान वर-खाली करणारा आणि दूरचे दृश्य जवळ आणणारा सुरक्षा कॅमेरा म्हणजे पीटीझेड कॅमेरा. पॅन, टिल्ट आणि झूम या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. त्यातल्या घुमटाकार, झपाट्याने फिरणाऱ्या प्रकाराला बाजारात ‘स्पीड डोम’ म्हणतात. स्थिर कॅमेऱ्याचे काही वॅटमध्ये भागते. पीटीझेडच्या पोटात दोन मोटारी, लेन्स सरकवणारी यंत्रणा, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवे आणि थंड प्रदेशासाठी बनवलेल्या मॉडेलांत हीटरही असतो. त्यामुळे दुपारी स्वस्थ उभा असलेला कॅमेरा आणि रात्री दिवे लावून फिरणारा तोच कॅमेरा यांच्या विजेच्या मागणीत मोठा फरक पडतो. केबल आणि पुरवठा निवडताना रात्रीचा हा कमाल भार धरावा लागतो.

पुरवठ्याचे तीन प्रकार रूढ आहेत : १२ व्होल्ट डीसी, २४ व्होल्ट एसी आणि नेटवर्क केबलमधूनच येणारी वीज, म्हणजे पीओई. अ‍ॅनालॉग (चित्र सलग विद्युत संकेतातून पाठवण्याच्या) काळातल्या बाहेरच्या स्पीड डोमसाठी २४ व्होल्ट एसी जवळजवळ ठरलेला होता. २३० व्होल्टवरून तो साध्या ट्रान्सफॉर्मरने मिळतो, जोडताना प्लस-मायनस पाहावे लागत नाही आणि लांब केबलमध्ये त्याची घट कमी होते.

या घटीचा हिशेब प्रत्येक वायरमनच्या खिशात असायला हवा. समजा, कॅमेरा २४ वॅटचा आहे आणि पुरवठ्यापासून ५० मीटरवर खांबावर बसवला आहे. दुकानात ‘एक एमएम’ म्हणून मिळणाऱ्या, म्हणजे १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम असतो. वीज जाते आणि परतही येते, म्हणून लांबी १०० मीटर धरायची. रोध झाला १.८ ओहम. १२ व्होल्टवर हा कॅमेरा २ अँपिअर ओढतो, तेव्हा वाटेतच ३.६ व्होल्ट खर्ची पडतात आणि कॅमेऱ्यापाशी ८.४ उरतात. २४ व्होल्टवर प्रवाह १ अँपिअर, घट १.८ आणि हाती २२.२ व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट केले की टक्केवारीतली घट ३० वरून साडेसातवर, म्हणजे चौथाईवर येते. शिवाय कॅमेऱ्यातले स्विचिंग सर्किट व्होल्टेज पडले की तेवढे वॅट भरून काढायला जास्त प्रवाह ओढते. मग घट आणखी वाढते. म्हणून १२ व्होल्टच्या पीटीझेडचा अडॅप्टर शक्यतो खांबावरच्या जलरोधक पेटीत, कॅमेऱ्याच्या जवळ ठेवतात.

कमी पुरवठ्याचे लक्षण ओळखीचे आहे. वीज मिळताच पीटीझेड स्वतःची चाचणी घेतो, म्हणजे दोन्ही अक्षांवर पूर्ण फिरून मूळ जागी येतो. दिवसा नीट चालणारा कॅमेरा अंधार पडल्यावर दर मिनिटा-दोन मिनिटांनी असा गरगर फिरू लागला, तर इन्फ्रारेड दिवे लागताच व्होल्टेज कोसळून तो पुन्हा पुन्हा चालू होत असतो. पुष्कळदा अशा वेळी मोटार बिघडली असे समजून कॅमेराच बदलला जातो आणि नवाही तसाच वागतो. पिन काढून मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, कारण भारच नसतो. मोजणी कॅमेऱ्याच्या टोकाला, दिवे लागलेले आणि मोटारी फिरत असताना करावी.

तारेचा धातूही पाहिला पाहिजे. स्वस्त ‘थ्री प्लस वन’ केबलमध्ये (तीन तारा आणि चित्र वाहणारी एक कोअ‍ॅक्शियल) बरेचदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने वरचा हिशेब अशा केबलवर आणखी बिघडतो. तार खरवडून पाहिली की आतला पांढरा धातू लगेच दिसतो.

अ‍ॅनालॉग पीटीझेडला वीज आणि चित्राखेरीज आज्ञांसाठी तिसरी जोडणी लागते. ती बहुधा आरएस-४८५ पद्धतीची, पिळाच्या दोन तारांची असते. ती सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते आणि मूळ मानकानुसार एका मार्गावर ३२ उपकरणे घेते. मार्ग एका कॅमेऱ्यापासून पुढच्या कॅमेऱ्याकडे असा माळेसारखा न्यायचा आणि मार्गाच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावायचा. चित्रे साठवणाऱ्या रेकॉर्डरपासून प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळी फांदी काढली तर थोड्या अंतरावर चालून जाते. अंतर वाढले की संकेत फांद्यांच्या टोकांवरून परावर्तित होतात आणि आज्ञा गहाळ होतात. प्रत्येक कॅमेऱ्याचा पत्ता (क्रमांक), बॉड रेट (आज्ञा पाठवण्याचा वेग) आणि प्रोटोकॉल, म्हणजे आज्ञांची भाषा (बहुधा पेल्को-डी किंवा पेल्को-पी), कॅमेऱ्यातल्या डिप स्विच या बारीक खटक्यांवर आणि रेकॉर्डरमध्ये सारखाच हवा. चित्र दिसते पण कॅमेरा हलत नाही, तेव्हा आधी ए आणि बी अशा खुणांच्या दोन आज्ञा-तारांची अदलाबदल करून पाहावी. ही अक्षरे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. नंतरच्या एचडी अ‍ॅनालॉग पद्धतींत आज्ञा कोअ‍ॅक्शियलमधूनच जाऊ लागल्या.

आयपी कॅमेऱ्यात, म्हणजे संगणकी नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात, चित्र, आज्ञा आणि वीज एकाच कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलमधून १०० मीटरपर्यंत जातात. पीओईच्या २००३ च्या ८०२.३एएफ मानकात नेटवर्क स्विचच्या (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या) पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या जागी, १५.४ वॅट मिळतात. २००९ च्या ८०२.३एटीने ते ३० केले आणि २०१८ च्या ८०२.३बीटीने केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या वापरून ९० वॅटपर्यंत नेले. केबलमधली घट वजा जाता कॅमेऱ्याला यांपैकी अनुक्रमे सुमारे १३, २५.५ आणि ७१ वॅट मिळतात. मोठ्या पीटीझेडला पहिले मानक पुरत नाही. स्विचची एकूण क्षमताही तपासावी : १२० वॅटचा आठ पोर्टचा स्विच प्रत्येक पोर्टला ३० वॅट देऊ शकत नाही. मानकाप्रमाणे बनलेला स्विच समोरचे उपकरण ओळखूनच वीज सोडतो. ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर (केबलमध्ये वीज घालणारी साधी पेटी) असे काही न विचारता वीज सोडतो, आणि चुकीच्या उपकरणाला लावला तर ते जळू शकते.

सलग ३६० अंश फिरणाऱ्या कॅमेऱ्यात तारांना पीळ पडू नये म्हणून आत स्लिप रिंग असते. वीज आणि संकेत फिरत्या कड्यांवर टेकलेल्या ब्रशांमधून जातात.

कोकणपट्टीत वायरिंगची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, बीएनसीचे (चित्राच्या केबलच्या टोकाचे) आणि नेटवर्कचे जोड कुजतात. प्रत्येक जोड पेटीत असावा, केबल पेटीत खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) शिरावी आणि त्याआधी तिला खाली लोंबता झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते. सीसीटीव्हीची केबल २३० व्होल्टच्या तारांसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. उंच खांबाला अर्थिंग आणि केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारे उपकरण) लागतो, कारण जवळपास पडलेली वीजही लांब केबलमध्ये झटका उत्पन्न करते आणि तो थेट रेकॉर्डरपर्यंत पोहोचतो. अंतर १०० मीटरच्या पुढचे असेल तर ऑप्टिकल फायबर टाकून वीज खांबापाशीच घेतात. काचेच्या तंतूतून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे खांबावरचा झटका त्या वाटेने नियंत्रण कक्षात येत नाही.