मायलिनची दुरुस्ती: नव्या पेशी की जुन्या?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते तो आजार) रुग्ण वाढले आणि सांगली-मिरजेतही ‘जीबीएस’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला. पाणी उकळून प्या असे सांगितले गेले, कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूचे नाव बातम्यांत झळकले. हातपाय लुळे पडलेले बहुतेक रुग्ण पुढे चालू लागतात ते कशाच्या बळावर, हे मात्र फारसे कुणी सांगितले नाही. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार या हल्ल्याची धार कमी करतो. उखडलेले मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण, पुन्हा चढवायचे काम शरीरातल्या ग्लियल पेशींनाच, म्हणजे मज्जापेशींना साथ देणाऱ्या पेशींनाच करावे लागते. (जीबीएसच्या एका प्रकारात आवरणाऐवजी थेट तंतूच जायबंदी होतो. कॅम्पायलोबॅक्टरनंतर तो प्रकार जास्त आढळतो आणि त्यातले बरे होणे वेगळ्या वाटेने जाते.)

या पेशींकडे वैद्यकाने फार काळ दुर्लक्ष केले. हातापायांच्या मज्जातंतूंभोवतीच्या पेशींचे वर्णन १८३९ मध्ये झाले. त्यांनाच आज थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावावरून श्वान पेशी म्हणतात. मेंदूतल्या ग्लियल पेशी मात्र त्यानंतर कित्येक दशके निव्वळ भराव मानल्या गेल्या. १९२१ मध्ये माद्रिदमध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांतली ऑलिगोडेंड्रोसाइट ही पेशी ठळक दिसली. मायलिन तीच बनवत असावी, असा तर्कही तेव्हा मांडला गेला. खात्री पटायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि १९६०चे दशक यावे लागले.

श्वान पेशीचे काम त्या मानाने सरळ आहे. एक पेशी तंतूच्या एकाच तुकड्याभोवती वेढे घालते. आवरण नासले की ती मायलिन बनवणे थांबवते, पडलेला कचरा गिळते, कचरा उचलणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना बोलावते, संख्येने वाढते आणि पुन्हा वेढे घालू लागते. नवे आवरण पहिल्यापेक्षा पातळ असते, तुकडेही आखूड असतात. हे एनसीव्ही तपासणीत, म्हणजे तंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजताना दिसते. हात गार असेल तर आधी ऊब देतात, कारण गार हातात वेग विनाकारण कमी भरतो. मग मनगटाशी आणि कोपराशी हलका शॉक देतात, अंगठा उडतो. दोन्हींच्या वेळेतला फरक आणि टेपने मोजलेले अंतर यांवरून वेग काढतात. निरोगी हातात तो सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा जास्त भरतो. मायलिन उखडलेल्या हातात तो ३०च्याही खाली उतरू शकतो. रुग्ण जिना चढू लागला तरी हा आकडा अनेकदा पूर्ववत होत नाही आणि रिपोर्ट पाहून घरचे हबकतात. तसे हबकायचे कारण नाही. पातळ आवरणातूनही संदेश पोहोचतो, फक्त थोडा सावकाश. मिरजेला कुष्ठरोगाच्या उपचारांची जुनी परंपरा आहे. त्या रोगाचा जिवाणूही श्वान पेशीतच ठाण मांडतो, म्हणून त्या रोगात हातापायांची संवेदना जाते.

खरा वाद आहे तो मेंदू आणि मज्जारज्जूतल्या दुरुस्तीचा, म्हणजेच तिथले मायलिन झडणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजाराचा. प्रौढ मज्जारज्जूत मायलिन पुन्हा चढते, हे १९६१ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. प्रश्न उरला तो चढवते कोण, याचा. १९८३ मध्ये उंदराच्या दृष्टीतंतूत एक पूर्वज पेशी सापडली. ती विभाजित होऊन ऑलिगोडेंड्रोसाइट बनवू शकत होती. पुढे १९९७ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूवर क्ष-किरण सोडून विभाजित होणाऱ्या पेशी मारल्या गेल्या. जुन्या ऑलिगोडेंड्रोसाइट शिल्लक होत्या, तरी दुरुस्ती झाली नाही. जुन्या पेशी एकदा वेढे घालून मोकळ्या होतात, पुढचे सगळे काम पूर्वज पेशींचे, असा निकाल जवळपास लागून गेला आणि पाठ्यपुस्तकांतही बसला.

हा निकाल घाईचा होता. प्रयोग नीटच झाला होता, पण तो उंदरांवरचा होता. माणसाच्या मेंदूबद्दल तो किती बोलतो, हे तेव्हाच ठामपणे विचारायला हवे होते. २०१८ मध्ये मांजरांच्या मज्जारज्जूत वेगळेच चित्र दिसले. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेले अन्न सतत खाल्ल्याने या मांजरांचे मायलिन झडले होते आणि साधे अन्न सुरू केल्यावर ते परत आले होते. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच ऑलिगोडेंड्रोसाइटचे धागे जुन्या जाड आवरणालाही जोडलेले होते आणि नव्या पातळ आवरणालाही. म्हणजे हल्ल्यातून वाचलेली पेशी पुन्हा कामाला लागली होती.

२०१९ मध्ये माणसाचा पुरावा आला. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि नंतर उतरत गेला. त्यामुळे पेशीच्या डीएनएतल्या कार्बन-१४ वरून तिचा जन्मकाळ काढता येतो. एमएसच्या मृत रुग्णांच्या मेंदूत मायलिन पुन्हा चढलेल्या फिक्या डागांतल्या पेशी अशा तपासल्या, तर त्या नव्याने जन्मलेल्या निघाल्या नाहीत. पूर्वज पेशींचा पक्ष याने संपत नाही. झेब्राफिशमध्ये वाचलेल्या जुन्या पेशी तुरळकच आवरण घालतात आणि कधी भलत्याच जागी, तर नव्या पेशी अधिक नेमके काम करतात, हेही नंतर दिसले. पण माणसात जुन्या पेशींचा हात नाही असे आता म्हणता येत नाही.

औषधांची दिशा मात्र आधीच्या निकालावर ठरून गेली होती. क्लेमास्टिन हे ॲलर्जीचे जुने औषध, पूर्वज पेशींना प्रौढ करते म्हणून निवडले गेले. २०१७ मध्ये ५० रुग्णांवरच्या चाचणीत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश दर डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंदांनी लवकर पोहोचू लागला. परिणाम छोटा आहे, पण जुन्या इजेनंतरही मायलिनला औषधाने हात लावता येतो हे त्यातून दिसले. त्याच विचाराने आणलेले आणखी एक प्रतिपिंड औषध मात्र मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. वाढत्या वयात पूर्वज पेशी मंदावतात आणि कचरा उचलणाऱ्या पेशीही थकतात, ही अडचण वेगळीच.

जुन्या पेशी दुरुस्ती करत असतील, तर त्या शाबूत राहतील तेवढ्या राखणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी पहिल्या झटक्यातच निदान हवे. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, डोळा हलवताना दुखणे ही एमएसची सुरुवात असू शकते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा तरुण अशा वेळी आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतो, मग आठ-पंधरा दिवसांत नजर थोडी सुधारली की विषय सोडून देतो. नजर सुधारली तरी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायला हवे, एमआरआय व्हायला हवा.