गंज

लोखंडाला किंवा पोलादाला हवा आणि पाणी एकाच वेळी मिळाले की त्यावर तांबूस, भुसभुशीत थर चढतो. तो गंज, म्हणजे पाणी धरून ठेवलेला लोखंडाचा ऑक्साइड. गंजते ते फक्त लोखंड. तांब्यावर हिरवट थर येतो, चांदी काळी पडते; या सर्व प्रकारांना मिळून क्षरण म्हणतात.

हवा आणि पाणी दोन्ही लागतात, ही गोष्ट शाळेतल्या तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगात दिसते. कोरड्या हवेतला खिळा तसाच राहतो. उकळून हवा काढलेल्या आणि वर तेल ओतलेल्या पाण्यातलाही राहतो. साध्या पाण्यातला तेवढा गंजतो.

हे कसे घडते ते पत्र्यावर पडलेल्या एका थेंबात पाहावे. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर पोहोचतो, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंड विरघळते आणि इलेक्ट्रॉन सोडते. ते धातूतूनच कडेकडे जातात, तिथे ऑक्सिजन व पाणी ते घेतात. दोन्हीकडची द्रव्ये वाटेत भेटतात, आणि थेंब वाळला की तिथे तांबूस कडे उरते. ते पुसून पाहिले तर खळगा सापडतो तो मात्र मधोमध. म्हणजे गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड खाल्ले जाते दुसरीकडे, जिथे हवा कमी तिथे! पत्र्यांच्या जोडाखाली, चिकटून राहिलेल्या चिखलाखाली, फुगलेल्या रंगाखाली आधी भोक पडते ते यामुळेच. मिठाने पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज लवकर झिजतात.

अ‍ॅल्युमिनियम हवेत लोखंडापेक्षा लवकर ऑक्साइड बनवते, पण तो थर घट्ट चिकटून आतल्या धातूचे रक्षण करतो. गंजाच्या खपल्या सुटतात आणि खाली ताजे लोखंड उघडे पडते. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याचा पातळ थर ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. दिल्लीत कुतुबमिनाराजवळचा सुमारे ७ मीटर उंचीचा, गुप्तकाळातला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे टिकला, त्याचे मोठे श्रेय लोखंडातल्या फॉस्फरसमुळे तयार झालेल्या थराला जाते.

विळी वापरून झाली की पुसून तिला तेलाचा हात लावणे हा पाणी तोडण्याचाच उपाय. जस्ताचा मुलामा त्याहून पुढे जातो: चरा पडला तरी जस्त आधी झिजते, लोखंड वाचते. पितळी भांड्याची कल्हई वेगळ्या कामाची. तिच्यामुळे ताक किंवा आमटी कळकत नाही. कथलाचा मुलामा लोखंडावर दिला आणि त्याला चरा पडला, तर लोखंड उलट जास्तच गंजते.

सर्वांत मोठे नुकसान डोळ्याआड होते, स्लॅबमध्ये. चांगल्या काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला, किंवा समुद्राची रेती न धुता वापरली, की ते कवच जाते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि छताचे पोपडे पडू लागतात. अशा वेळी सळई मोकळी करून, तिच्या मागच्या बाजूचाही गंज खरवडून मगच लेप द्यावा लागतो. वरून नुसते प्लास्टर थापले, तर काही पावसाळ्यांत पोपडा पुन्हा त्याच जागी सुटतो.