पार्श्वभूमी : दुभाषी पोथी क्रमांक २५६

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली ही चर्मपत्री पोथी दोन ओळखींनी वावरते. ग्रंथालयाच्या यादीत ती ‘आर्मेनियन ९’ आहे, तर नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांच्या यादीत ‘२५६’. प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे तिच्यात ग्रीक व आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत आहेत. काळ अक्षरवळणावरून ठरवलेला, ११वे किंवा १२वे शतक.

आर्मेनियन लिपी इ.स. ४०५च्या सुमाराची. बायबलचे पहिले भाषांतर ४३१च्या इफिससच्या धर्मपरिषदेनंतर कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या ग्रीक प्रतींशी ताडून सुधारले गेले. ४५१च्या कॅल्सेडॉन धर्मपरिषदेचा ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीचा निर्णय ग्रीक चर्चने मानला, आर्मेनियन चर्चने नाकारला. पोथी समजून घ्यायला ११वे शतक जास्त उपयोगी. १०४५मध्ये आर्मेनियन राजधानी आनी बायझंटाइन (ग्रीकभाषी पूर्व रोमन) साम्राज्याच्या ताब्यात गेली, १०६४-६५मध्ये कार्सचे आर्मेनियन राज्य, आणि आर्मेनियन सरदार सम्राटाच्या चाकरीत शिरले. सम्राटाच्या चाकरीतल्याच ग्रेगरी पाकुरियानोस या सरदाराने (तो आर्मेनियन की जॉर्जियन यावर वाद आहे) बाल्कनमध्ये मठ बांधला. त्याची १०८३ची नियमावली ग्रीक, जॉर्जियन आणि आर्मेनियन अशा तिन्ही भाषांत झाली, आणि सही त्याने आर्मेनियन अक्षरांत केली. ग्रीक रीतीने उपासना करणारे आर्मेनियनही होतेच. जोडपोथीला वाचक मिळावा असा हा काळ.

अशी पोथी लिहिणे कटकटीचे. एकच वाक्य दोन भाषांत सारखी जागा घेत नाही, त्यामुळे सलग लिहीत गेले की दहाबारा ओळींत एक मजकूर दुसऱ्याच्या पुढे पळतो. उपाय म्हणजे वाक्याचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा समोरासमोर सुरू करायचा. तसे केले की कोऱ्या जागा उरतात आणि चर्मपत्र जास्त लागते. ते वाचवायला अक्षर दाबून लिहिले, तर चुका तिथेच होतात.

खरा वाद आहे तो ग्रीक मजकुराला स्वतंत्र क्रमांक देण्याचा. चिकित्सित आवृत्तीत पोथ्यांतले पाठ, म्हणजे वेगवेगळी शब्दरचना, ताडून मूळ मजकूर ठरवतात; तिच्या तळटीपेत ‘२५६’ आणि ‘आर्मेनियन’ (म्हणजे आर्मेनियन भाषांतर) एकाच पाठाच्या बाजूने उभे दिसले, की दोन साक्षी मोजल्या जातात. पण लेखनिकाने ग्रीक मजकूर शेजारच्या आर्मेनियनशी जुळवून घेतला असेल, तर साक्ष एकच. हे तपासायचे कसे? आर्मेनियनमध्ये व्याकरणिक लिंग नाही, म्हणून ग्रीक विशेषणांची लिंगे चुकलेली दिसली तर लेखनिकाची भाषा कळते. मूळ पाठ मात्र कळत नाही. त्यासाठी ‘ख्रिस्त येशू’ की ‘येशू ख्रिस्त’ यासारखे शब्दक्रम एकेक करून ताडावे लागतात. पौलाच्या पत्रांत २५६चा ग्रीक पाठ ३६५, १३१९, १५७३, २१२७ या क्रमांकांच्या निव्वळ ग्रीक पोथ्यांशी वारंवार जुळतो. शेजारी आर्मेनियन नसलेल्या पोथ्यांतही तेच पाठ असतील, तर ते याच लेखनिकाने आर्मेनियनवरून बनवले असे म्हणता येत नाही. म्हणून क्रमांक देणे योग्यच होते. हलगर्जी झाली ती दुसऱ्या बाजूला. तळटीपांतला ‘आर्मेनियन’ बराच काळ १८०५च्या व्हेनिस आवृत्तीवरून घेतला जाई, आणि तिचा मुख्य आधार १३१९ साली लिहिलेली प्रत (१३१९ क्रमांकाच्या ग्रीक पोथीशी गल्लत नको). २५६चा आर्मेनियन मजकूर त्या प्रतीहून शतकभर तरी जुना आहे.