परस्पर-श्रम गृहनिर्माण सहकार (उरुग्वे)

सभासदांनी स्वतः राबून घरे बांधायची आणि त्यांची मालकी संस्थेकडेच ठेवायची, अशी दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात रुजलेली गृहनिर्माणाची पद्धत. महाराष्ट्रात बहुतेकदा बिल्डर इमारत उभी करतो आणि मग सोसायटी नोंदवली जाते. उरुग्वेत आधी संस्था, मग जागा, मग कर्ज आणि शेवटी बांधकाम असा क्रम असतो.

1960 च्या दशकात ‘उरुग्वे सहकार केंद्रा’च्या मदतीने मोंतेविदेओ या राजधानीबाहेर तीन प्रायोगिक संस्था निघाल्या. डिसेंबर 1968 च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने (क्र. 13,728) या प्रकाराला कायदेशीर आधार दिला. 1970 मध्ये अशा संस्थांनी ‘फुक्वाम’ हा महासंघ स्थापन केला.

विकासकाच्या जागी येथे नफा न घेणारी तांत्रिक साहाय्य संस्था असते. वास्तुविशारद, वकील, हिशेबनीस आणि समाजकार्यकर्ते तिच्यात एकत्र काम करतात. तिच्या मेहनतान्यावर सरकारी कमाल मर्यादा आहे, आणि निर्णय सभासदांची सर्वसाधारण सभाच घेते. खर्चाचा मोठा वाटा सरकारी दीर्घ मुदतीच्या कर्जातून येतो. साधारण 15 टक्के वाटा सभासद श्रमाने भरतात. (श्रमाऐवजी रोख बचत भरणाऱ्या संस्थाही आहेत.) प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला 21 तास द्यायचे, ही रूढ अट. नोकरी करणाऱ्याला हे तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरून काढावे लागतात. कोण किती वेळ आले याची नोंद राहते, कौशल्याच्या कामाला पगारी गवंडी आणि वायरमन लावतात, आणि वाळू-सिमेंट ओढणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा असतो. कोणते घर कोणाचे, हे सहसा काम संपत आल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरते. त्यामुळे ‘माझ्या’ भिंतीवर जास्त घाम गाळण्याची सोय कोणालाच उरत नाही!

मात्र घर स्वस्त बांधण्यापेक्षा ते स्वस्त राखणे अवघड, आणि या पद्धतीचे खरे बळ तिथेच आहे. ‘वापरकर्ता’ प्रकारच्या संस्थेत सभासदाला राहण्याचा हक्क मिळतो, तो वारसांकडेही जातो. पण घर बाजारभावाने विकता येत नाही. सोडून जाणाऱ्याला त्याने भरलेला वाटा नियमानुसार वजावट करून परत मिळतो आणि घर पुढच्या सभासदाला जाते. 1973 ते 1985 च्या लष्करी राजवटीने ही सामूहिक मालकी मोडून घरे व्यक्तिगत नावांवर करण्याचा घाट घातला, तेव्हा फेब्रुवारी 1984 मध्ये महासंघाने एकाच दिवसात तीन लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीस लाख होती. सक्तीचे ते रूपांतर बारगळले.

मर्यादाही उघड आहेत. कर्ज आणि जमीन यांसाठी संस्था सरकारवर अवलंबून असतात, वाट पाहण्यात वर्षे जातात, आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या अतिगरीब कुटुंबाला 21 तास काढणे कठीण पडते. पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेतील काही देशांत फुक्वामच्या मदतीने हा प्रयोग झाला, पण 1968 च्या कायद्यासारखे हमखास कर्ज पाठीशी नसल्याने तिथे उरुग्वेइतका विस्तार झाला नाही.