उन्हावर बर्फ : दूध संकलन केंद्रांसाठी माहितीपत्रक

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचे केंद्रचालक आमच्या मिरजेच्या वर्कशॉपला आले की सौर पॅनेलवर चालणाऱ्या बर्फाच्या मशीनबद्दल पहिला प्रश्न विचारतात, "बॅटऱ्या किती लागतील?" एकही नको. रात्रीसाठी तुम्हाला वीज साठवायची नाही, गारवा साठवायचा आहे, आणि तो बर्फात साठतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

मशीन साधं आहे. मिठाच्या पाण्याची टाकी, तिच्यात कॉम्प्रेसर गार करतो ती नळ्यांची कॉइल आणि गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे. खारं पाणी उणे ८-१० अंशांवर जाऊनही गोठत नाही, डब्यातलं मात्र कडेकडेने आत गोठत येतं. खरी मेख कॉम्प्रेसरची. साध्या कॉम्प्रेसरला सुरू होताना पाच-सहा पट करंट लागतो. ढग आला की तो बंद पडतो आणि परत उठत नाही. म्हणून उन्हाप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हशिवाय आम्ही मशीन देतच नाही.

१०० किलो बर्फाला साधारण ८ ते १० युनिट लागतात. आपल्याकडे १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतं. सकाळ-संध्याकाळचं मंद ऊन कॉम्प्रेसरला पुरत नाही, तेव्हा ३ किलोवॅट धरा.

आता दुधाचं. संध्याकाळचं दूध येतं तेव्हा ऊन गेलेलं असतं आणि टँकर सकाळी येणार असतो. ४० लिटरच्या कॅनमधलं दूध ३५ अंशांवरून १० वर आणायला हिशोबाने ११ किलो बर्फ लागतो. कॅन बुडवायच्या टाकीतून वाया जाणारा गारवा धरून १५ किलो ठेवा. कॅन नुसत्या बर्फावर ठेवू नका, खडे पत्र्याला ठिकठिकाणीच टेकतात. बर्फ घातलेल्या पाण्यात तो गळ्यापर्यंत बुडवा आणि दूध अधूनमधून ढवळा. बर्फ दुधात कधीही टाकायचा नाही. दूध पातळ होतं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) पडतो आणि शेतकऱ्याचा दर जातो.

सावलीचा धडा आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. एका केंद्रावर पॅनेल पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला बसवले. तीननंतर टाकीची सावली एका कोपऱ्यावर यायची, जेमतेम हातभर, आणि एकामागे एक जोडलेली अख्खी ओळ मंदावायची. सगळे पॅनेल आम्ही स्वखर्चाने हलवले. तेव्हापासून जागा दुपारी उशिरा पाहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये निम्माच बर्फ धरून चला. महावितरणचं कनेक्शन सोडू नका, मशीन दोन्हींवर चालतं. पॅनेल पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.

येताना संध्याकाळचं दूध किती आणि टँकर किती वाजता येतो, एवढं लिहून आणा. सोबत छपराचा दुपारी चारचा फोटो.