मिठासाठी आसुसलेलं शरीर

साडेतीन वर्षांचा एक मुलगा. बिस्किटावरचं मीठ तेवढं चाटून घ्यायचा, बिस्किट मात्र टाकून द्यायचा. जे पहिले काही शब्द तो शिकला, त्यांत 'मीठ' हा एक होता. रुग्णालयात दाखल केल्यावर त्याला तिथला नेहमीचा आहार सुरू झाला आणि आठवडाभरात तो दगावला. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी नीट काम करत नव्हत्या. लघवीतून सोडियम सतत निसटत होतं आणि वरवर हट्ट वाटणारं ते मीठ खाणंच त्याला जगवत होतं. लॉसन विल्किन्स आणि कर्ट रिक्टर यांनी १९४० साली ही हकिगत प्रसिद्ध केली. ती वाचून आजही मन हळहळतं.

अधिवृक्क ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात. एकेकीचं वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. त्यांच्या सगळ्यात बाहेरच्या थरात अल्डोस्टेरोन हे स्टेरॉइड संप्रेरक तयार होतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात जवळपास दीड किलो मिठाइतकं सोडियम असतं. त्यातलं बहुतेक सगळं वाटेतच परत शोषलं जातं. अल्डोस्टेरोनच्या हाती उरतात ते शेवटचे दोनेक टक्के. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम मीठ! आपण दिवसभरात खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त.

स्टेरॉइड असल्यामुळे अल्डोस्टेरोन पेशीच्या स्निग्ध आवरणातून थेट आत शिरतं. तिथल्या ग्राहक प्रथिनाला चिकटून ते केंद्रकापर्यंत पोहोचतं आणि ठरावीक जनुकं जागी करतं. मग मूत्रनलिकेच्या पेशींवर सोडियमला आत घेणारी दारं वाढतात. पेशीच्या दुसऱ्या बाजूचे पंप ३ सोडियम रक्ताकडे ढकलतात आणि २ पोटॅशियम आत ओढतात. हे पोटॅशियम पुढे लघवीत उतरतं. म्हणूनच सोडियम राखलं की पोटॅशियम खर्ची पडतं. रक्तात पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढंच असतं. ते फार वाढलं किंवा फार घटलं, तर हृदयाचा ठोका चुकतो. त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढताच ग्रंथी स्वतःहून अल्डोस्टेरोन सोडते. रक्तदाब उतरला तरी मूत्रपिंडाकडून निरोप येतो आणि तेच घडतं.

मला यातला सगळ्यात विलक्षण वाटतो तो कॉर्टिसॉलचा बंदोबस्त. हे दुसरं स्टेरॉइड त्याच ग्राहकात तितकंच चपखल बसतं, आणि रक्तात ते असतं अल्डोस्टेरोनच्या शेकडो पट. मग अल्डोस्टेरोनला जागा मिळतेच कशी? मूत्रनलिकेच्या या पेशींमध्ये एक विकर (एन्झाइम) पहाऱ्याला असतं. ते आत आलेल्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या ग्राहकाला चिकटत नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन नेमकं याच विकराला अडवतं. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं, तर कॉर्टिसॉल मोकाट सुटतं. रक्तदाब चढतो, पोटॅशियम घसरतं, स्नायूंतलं बळ जातं. रक्त तपासलं, तर अल्डोस्टेरोन मात्र कमीच सापडतं.

ग्रंथीवरची गाठ स्वतःच अल्डोस्टेरोन ओतत असेल, तरी रक्तदाब आणि पोटॅशियमचं चित्र असंच दिसतं. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार ओळखला. उच्च रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, तर याची तपासणी जरूर व्हावी, असं मला मनापासून वाटतं. औषध म्हणून घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमध्येही सोडियम राखण्याचा गुण थोडा असतो, डेक्सामिथॅसोनमध्ये जवळजवळ नसतोच. यातलं कुठलंही स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल, तर ते आपल्या मनाने एकदम थांबवू नये. तोवर ग्रंथीची कॉर्टिसॉल बनवायची सवय मोडलेली असते.

अल्डोस्टेरोन वेगळं काढता आलं १९५३ साली. आता त्या मुलासारख्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे औषधरूपातल्या कॉर्टिसॉलच्या, जोडीला अल्डोस्टेरोनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन देतात. रोजची एक बारीकशी गोळी, साधारण ०.१ मिलिग्रॅमची.