शाळकरी वयातील जेवणाची वेळ आणि एकाग्रता

मुलांनी व किशोरांनी दिवसात केव्हा खाल्ले आणि दोन खाण्यांत किती अंतर राहिले, याचा त्यांचे लक्ष, स्मरण व आकलन यांवर होणारा परिणाम. काय आणि किती खाल्ले हा खरे तर वेगळा प्रश्न. पण व्यवहारात तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, आणि संशोधकांची गाडी तिथेच अडते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. मुख्य इंधन ग्लुकोज. साधारण ४ ते १० वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा ग्लुकोजवापर प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट असतो. रात्रभर ग्लुकोज पुरवणारा यकृतातला साठा मात्र लहान. रात्री आठला जेवून सकाळी सातच्या शाळेला नुसत्या चहावर गेलेले मूल दहाच्या मधल्या सुट्टीपर्यंत चौदा तास उपाशीच असते.

तरीही न्याहारी चुकली की प्रत्येकाचेच डोके चालेनासे होते, असे नाही. जमेकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत न्याहारी नसताना कुपोषित मुलांची चाचण्यांतली कामगिरी घसरली. पुरेसे पोषण असलेल्यांत तशी घसरण दिसली नाही. घरी भरपूर खाणाऱ्या मुलांच्या पालकांना धाक घालणाऱ्या जाहिराती हा भेद सांगत नाहीत.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास येणारी सुस्ती जेवण टाळले तरी थोडीफार येतेच, कारण तिचे मूळ शरीराच्या घड्याळात आहे. जड जेवणाने ती वाढते. पण वामकुक्षीचे सगळे खापर भातावर फोडता येत नाही. पौगंडावस्थेत हेच घड्याळ तास-दोन तास उशिराने चालू लागते. उशिरा जेवण, उशिरा झोप आणि लवकरची शाळा एकत्र आली की न्याहारीच गळते, आणि पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा उपाशी आहे की झोप न झालेला, हे ठरवणे कठीण होते.

भारतात शाळेतल्या जेवणाची सुरुवात १९२० च्या दशकात मद्रास महापालिकेने केली. देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. दिल्लीत ही योजना वरच्या प्राथमिक वर्गांना (सहावी ते आठवी) लागू झाल्यावर फर्झाना आफ्रिदी व सहकाऱ्यांनी मुलांना चढत्या काठिण्याची भूलभुलैयाची कोडी दिली, तेव्हा ती सोडवण्याची चिकाटी वाढलेली आढळली. पण दुपारची खिचडी सकाळच्या गणिताच्या तासाला उपयोगी पडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सकाळच्या न्याहारीची शिफारस केली. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत ती सुरूही केली.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. कारण मुलांच्या झोपेचे दिले गेले. न्याहारीला त्यातून आपोआप सवड मिळते, अर्थात आई सातच्या आत कामावर निघत नसेल तिथे.